तुळजव्वाच्या मुठीतलं प्रवाळ

ज्या माणसानं उमेदीची वर्षं समुद्रातल्या प्रवाळांवर घालवली, त्याला सरकारनं विहिरींच्या जागा दाखवायला उस्मानाबाद जिल्ह्यात नेमलं. यावरून सरकारचा स्वभाव ओळखावा. विलीनीकरण होऊन काही वर्षं लोटली होती. निजामाच्या वेळची खाती या राज्यातून त्या राज्यात आणि तिथून तिसऱ्या राज्यात सरकत होती. त्या सरकासरकीत मी एक लाकडी पेटी घेऊन धाराशिवच्या यष्टी स्टँडवर उतरलो. पेटीत कपडे कमी आणि दगड जास्त. हमालानं ती उचलली, लगेच खाली ठेवली आणि म्हणाला, "मालक, आत पाटा-वरवंटा भरलाय का काय?" हा माझा या जिल्ह्यातला पहिला सत्कार.

पेटीत प्रवाळं होती. प्रवाळ म्हणजे अंगठीत बसवतात ते पोवळं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच्या गोतावळ्यात शेकडो जाती आहेत. हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे, हा एक बारीकसा जीव. समुद्राच्या तळाशी बसतो, अंगाभोवती चुन्याचं घर बांधतो आणि एक दिवस मरून जातो. घर राहतं. त्या घरावर गाळ बसतो, गाळाचा खडक होतो, घराचाही दगड होतो. पुढं कधीतरी समुद्र मागं हटतो, जमीन वर येते आणि कुणीतरी माझ्यासारखा रिकामटेकडा हातोडी घेऊन तिथं पोचतो. या जिवाचे नखरे फार. त्याला पाणी उबदार हवं, उथळ हवं, स्वच्छ हवं. म्हणून जिथं प्रवाळाचा दगड सापडला, तिथं कधीकाळी तसा समुद्र होता, असं बेलाशक समजावं. आपल्या देशात असे दगड कच्छात आहेत, तिकडं खाली तिरुचिरापल्लीच्या बाजूला आहेत आणि हिमालयात तर इतक्या उंचावर आहेत की ते गोळा करताना माणसाचा श्वास कोंडतो. प्रत्येक ठिकाणचा समुद्र वेगळा, काळ वेगळा, त्यामुळं प्रवाळही वेगळं. सराईत माणूस हातात घेतल्यावर सांगतो, हे कुठलं. सोनार जसा दागिना बघून गाव सांगतो तसं.

आणि आपल्या मराठवाड्यात? शून्य. इथं सगळा लाव्ह्याचा काळा खडक. थरावर थर. त्यात समुद्राचा एक शिंपला मिळायचा नाही. हैदराबादला मी हे शास्त्र शिकलो ते उर्दूतून. 'मरजान' लिहून पास झालो, 'प्रवाळ' लिहून अर्ज केले आणि नोकरीत पाणी दाखवत बसलो. सुरुवातीला फार चिडचिड व्हायची. मग सवय झाली. खोटं कशाला बोलू, आवडायलाही लागलं.

पाण्याचं काम ऐकायला सोपं आहे. काळा पाषाण लागला की पाणी नाही. त्याच्या खाली किंवा वर भोकाभोकांचा मांजऱ्या खडक लागला, दोन थरांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा लागला, की आशा धरायची. ओढ्याचं वळण बघायचं, जुन्या विहिरींत उतरायचं, भिंती हातानं चाचपायच्या. एवढं करून मी जागा दाखवायचो आणि माझी पाठ वळली की शेतमालक नारळ तळहातावर आडवा धरून शेतात हिंडायचा. नारळ उभा राहिला तिथं पाणी. माझी खूण आणि नारळाची खूण एक आली तर श्रेय नारळाचं. वेगळी आली आणि पाणी लागलं नाही तर दोष माझा. यावर मी बराच काळ वाद घातला. मग सोडून दिला.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका पाटलांना विहीर खोदताना खडकाच्या पोकळीत पांढरे, सुयांसारखे चमकदार स्फटिक सापडले. ते रुमालात बांधून माझ्याकडं आले, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "हिरं हायती." मी म्हणालो, "पाटील, हिरे नाहीत, असले स्फटिक आपल्या खडकात जागोजाग सापडतात." त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं, गाठोडं पुन्हा बांधलं आणि निघून गेले. साहेबाचा डोळा आहे हिऱ्यांवर, असं त्यांनी गावभर केलं. पुढं मी त्यांच्या गावी गेलो की चहा मिळायचा, पण पाटील माझ्या आणि आतल्या खोलीच्या मधोमध बसून राहायचे.

धाराशिवच्या बाजारातले हकीमसाहेब मात्र निराळे. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे बरेच रोगी आणि बरेचसे नातलग निघून गेले होते. दुकानात काचेच्या बरण्या आणि ते, एवढंच. 'मरजान' म्हणजे काय हे कळणारा कुणी साहेब गावात आलाय हे कळल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं आणि औषधाला लागणाऱ्या प्रवाळाच्या मुळ्यांची बरणी समोर ठेवली. माल असली की नकली? मी भिंग लावून एकेक तुकडा वेगळा केला. निम्मा माल खरा होता, निम्मे रंगवलेले चुन्याचे खडे. हकीमसाहेबांनी नकली ढीग उचलला आणि सरळ गटारात ओतला. मी म्हणालो, "रोग्याला काय कळणार होतं?" ते म्हणाले, "मरीज़ को नहीं समजता मियाँ, मर्ज़ को समजता है." असली माणसं भेटली म्हणून या जिल्ह्यात टिकलो.

पण मला सांगायचं आहे ते माकणीच्या तुळजव्वाचं.

माकणीत मल्लाप्पा नावाचे धान्याचे व्यापारी होते. माणूस उंचापुरा, कपाळाला विभूती, बोलणं मराठीत आणि हिशेब कानडीत. त्यांच्या मळ्यात विहिरीची जागा बघायला मी आमच्या जीपचे ड्रायव्हर गफूरभाई यांना घेऊन गेलो होतो. जागा दाखवली, जेवण झालं, पान लावता लावता मल्लाप्पा म्हणाले, "सायेब, तुमी दगड बघून त्याचं गाव सांगता म्हणं?"

"सगळ्या दगडांचं नाही. पण काहींचं सांगतो."

"आमच्या अव्वाकडं एक दगड हाय. तिनं हट्ट धरलाय, सायबाला दाखवा म्हून."

अव्वा म्हणजे त्यांची आई, तुळजव्वा. साठी ओलांडलेली, अंगानं वाळलेली, इरकली लुगडं नेसलेली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. पण आवाज असा, की सोप्यात बसून बोलली तर मळ्यात ऐकू जावं. तिची हकीकत मल्लाप्पांनीच सांगितली. साठ वर्षांमागच्या छपन्याच्या दुष्काळात त्यांचे चुलत आजोबा धान्याच्या गाड्या घेऊन तुळजापूरला गेले होते. देवळाच्या पायऱ्यांवर एक पाच-सहा वर्षांची पोर एकटी बसलेली दिसली. बोलायची ते कुणाला कळेना. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. खायला घातलं तर डाव्या हातानं खाल्लं, पण मूठ उघडली नाही. आजोबांनी तिला गाडीत घालून घरी आणलं. तिथं झोपेत मूठ सुटली, तेव्हा आत हा दगड निघाला. भवानीच्या दारात सापडली म्हणून नाव तुळजव्वा ठेवलं. मोठी झाल्यावर स्वामींकडून रीतसर गळ्यात लिंग बांधलं आणि घरातल्याच पुतण्याशी, म्हणजे मल्लाप्पांच्या वडिलांशी, लग्न लावून दिलं.

"आणि दगड?" मी विचारलं.

"देव न्हवं का त्यो! माहेरचा देव. देवघरात हाय. त्या साली रामेश्वराहून आलेले यात्रेकरू तुळजापुरात उतरले होते. त्यातल्याच कुणाची तरी पोर असंल, तिकडनं आणलेला दगड असंल, असं थोरल्यांनी ठरवलं. रोज तेल, विभूती. मी पाच-सात वर्सामागं अव्वाला रामेश्वराला पण नेऊन आणलं. म्हणलं बघ बाई, तुझं माहेर."

मी दगड बघायला उठलो, तर मल्लाप्पांनी मला बाहेर ओट्यावर बोलावलं. आवाज खाली केला.

"सायेब, एक इनंती. माझ्या पोरीला उमरग्याचं स्थळ आलंय. चांगलं घर हाय. ती माणसं दहा बाजूंनी चौकशी करत्यात. पोरीची आजी कुठल्या घरची? रामेश्वर म्हणलं की हात जोडून गप बसत्यात. आता दगडावरनं दुसरं कायबाय निघालं, तर कोण कुठली, कुणाची, कुठल्या जातीची, सगळं उकरून निघंल. तवा तुमाला काय बी दिसू द्या. रामेश्वर म्हणा."

मी म्हणालो, "अहो, अजून मी दगड बघितलेला नाही."

"म्हून तर आधी सांगाय लागलोय."

आता आली का पंचाईत! मी पाण्याबद्दल कधी कुणाला खोटं सांगितलेलं नाही. तोंडावर 'इथं खोदू नका' म्हणून शिव्या खाल्ल्या आहेत. पण हा बाप रडकुंडीला आलेला होता आणि मागणं काही पापाचं नव्हतं. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. आत गेलो.

तुळजव्वानं दगड तळहातावर ठेवून पुढं केला. दगड कसला, काळपट गोळा होता. साठ वर्षांचं तेल आणि विभूती बसून वर कवच झालेलं. पण हातात घेताच मला एक गोष्ट कळली. तो जड होता. रामेश्वरचे प्रवाळाचे दगड मी पाहिलेले आहेत. ते पांढरे, भोकाभोकांचे, हलके. काही तर पाण्यावर तरंगतात आणि रामाच्या पुलाचे दगड म्हणून यात्रेकरूंना विकतात. हा तसला नव्हता. साठ वर्षांत या घरातल्या कुणीच त्याचा खरा चेहरा पाहिला नव्हता, कारण देवाच्या अंगावरची विभूती खरवडायची कशी?

"अव्वा," मी म्हणालो, "हा धुवावा लागेल. चालेल का?"

मल्लाप्पा चटकन म्हणाले, "देवाला कशाला—"

"धू," तुळजव्वा म्हणाली. "गरम पाणी आण आन् रिठं आण. तसा निघायचा न्हाय त्यो."

आमच्या धंद्यात दगड साफ करायला पातळ तेजाब वापरतात, पण चुन्याच्या प्रवाळाला ते लागलं तर दगडच विरघळतो. रिठा उत्तम. तिनं स्वतःच परातीत पाणी घेतलं, रिठ्याचा फेस केला आणि न्हाऊमाखू घालावं तसं बोटांनी चोळायला सुरुवात केली. पाणी काळं झालं. बदललं. पुन्हा काळं झालं. मग पिवळट तपकिरी अंग दिसायला लागलं. अर्ध्या सुपारीएवढा आकार, खाली निमुळता, वर सपाट. आणि त्या सपाट तोंडावर मधल्या खळग्यातून कडेपर्यंत गेलेल्या बारीक रेघा, नुकतीच टाकी लावलेल्या जात्याच्या तळीसारख्या.

अशी प्रवाळं माझ्या पेटीत होती. मीच गोळा केलेली होती.

विद्यार्थी असताना आमच्या प्राध्यापकांनी आम्हाला कच्छात नेलं होतं. तिथं रणाच्या मधे बेटासारखे डोंगर उभे आहेत. त्यांच्या पायथ्याला हा एकेकटा वाढणारा प्रवाळ मातीत सुटा पडलेला असतो. हातोडीसुद्धा लागत नाही, वेचायचा. आम्ही मोठ्या शास्त्रीय थाटात वेचत होतो आणि शेजारी वस्तीवरच्या लहान मुली त्याच प्रवाळांनी सागरगोटे खेळत होत्या. आमच्या प्राध्यापकांनी एकीकडं चांगला नमुना मागितला, तर तिनं हात पाठीमागं लपवला. या रंगाचं, या घडणीचं आणि असं सुटं पडलेलं प्रवाळ मी तरी आपल्या देशात दुसरीकडं बघितलेलं नाही.

पण दगड माणसाच्या हातानं कुठंही जाऊ शकतो. एवढ्यावरून एखाद्या बाईला तिचं गाव सांगायचं म्हणजे मोठं धाडस. म्हणून मी काही न सांगता आधी विचारलं, "अव्वा, लहानपणचं काही आठवतं का? तुळजापूरच्या आधीचं?"

तिनं मल्लाप्पांकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"हसू नगा," ती म्हणाली. "पांढरी जिमीन आठवती. लांबवर पांढरी. झाड न्हाय, घर न्हाय. म्या चालायली आन् पाय चुरचुरायलेत. खाली बसून म्या ती जिमीन चाटली. कुणीतरी बाईनं पाठीत धपका घातला आन् वढत नेलं. ती माझी आई असंल का?"

"हे तू मला कधी बोलली न्हाईस, अव्वा," मल्लाप्पा म्हणाले.

"न्हानपणी सांगितलं तर समदी हसायची. म्हणायची, मठात विभूतीचा ढीग बघितला असंल येडीनं. मग म्या बोलायची बंद झाले."

मी मल्लाप्पांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघून मान हलवत होते. नको, नको. मी घसा साफ केला. खरं सांगायचं तर मी 'रामेश्वर' म्हणायच्या अगदी बेतात होतो.

तुळजव्वाच म्हणाली, "मल्लूनं तुमाला सांगितलं आसंल, रामेश्वर म्हणा म्हून."

दारात उभे असलेले गफूरभाई जमिनीकडं बघायला लागले.

"त्यो मला रामेश्वराला घिऊन गेला. लई हौसेनं. तिथं समुद्र बघितला, माणसं बघितली, एकेकाच्या तोंडाकडं टक लावून बघत बसले. काय बी वाटलं न्हाय, सायेब. एवढं सुदीक न्हाय. दगड बी बघितले तिथले, पोकळ, हलके. म्या मनात म्हणलं, ह्ये माझं न्हवं. पर पोरगं इतक्या आशेनं माझ्या तोंडाकडं बघायलं, की म्या म्हणलं, व्हय रं बाबा, हितलीच म्या. वळखीचं वाटतंय." तिनं लुगड्याच्या पदरानं दगड पुसला. "ते म्या त्याच्यासाठी खोटं बोलले. आता तुमी माझ्यासाठी खोटं बोलू नगा. माझ्यापाशी लई दिस न्हाईत."

मल्लाप्पा मटकन खाली बसले. एवढा मोठा व्यापारी माणूस, पण चेहरा शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा झाला. "अव्वा, तू तवा रडली होतीस की. मला वाटलं, माहेर घावलं म्हून रडलीस."

"न घावलं म्हून रडले रं, येड्या."

मग मी सांगितलं. कच्छ म्हणून मुलूख आहे, इथून वायव्येला, लांब. तिथं एक ओसाड रण आहे, उन्हाळ्यात त्याच्यावर मिठाचा थर येतो आणि जमीन क्षितिजापर्यंत पांढरी होते. अनवाणी चाललं तर पाय चुरचुरतात. तुम्ही चाटलंत ते मीठ होतं. त्या रणातल्या डोंगरांखाली हा दगड मिळतो, मुळात हा समुद्रातला एक बारीक जीव. छपन्याचा दुष्काळ त्या मुलखातही भयंकर पडला होता, माणसं ढोरं घेऊन वाट फुटेल तिकडं निघाली होती. तुमची माणसं मुंबईकडून सोलापूरला गिरण्यांच्या आशेनं आली असतील. पुढचं मला ठाऊक नाही. जात, कूळ, आईबापाचं नाव, यातलं काहीही दगड सांगत नाही. आणि हा तुमच्या माहेरचा देव नाही. तिकडं मुली यांनी सागरगोटे खेळतात.

"म्हंजी देव न्हाय त्यो?"

"नाही."

"माझा खेळ होय?"

"असावा."

"अय्यो शिवा!" ती इतकी मोठ्यानं हसली की आतून सुना धावत आल्या. "साठ वर्सं म्या खेळण्याला निवद दावला! सासू मेली माझी ह्याच्या पाया पडून पडून!" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं दगड वर उडवून मुठीत झेलायला बघितला. मोतीबिंदूनं दिसलं नाही, दगड परातीत पडला. गफूरभाईंनी तो उचलून तिच्या हातात दिला. ते म्हणाले, "सँभाल के अम्मा, लई पुराना माल है."

मग तिनं विचारलं, "ह्यो समुद्रातला जीव म्हणता. आन् तिथं तर पांढरी जिमीन. समुद्र कुठं हाय?"

"होता. हटला."

"का?"

याचं उत्तर आमच्या शास्त्रात आहे, पण ते तिच्या उपयोगाचं नव्हतं. मी म्हणालो, "त्याचाही इलाज नसतो, अव्वा. जमीन वर आली की त्याला जावं लागतं."

ती दगड चाचपत म्हणाली, "म्या आईला लई शिव्या दिल्या, सायेब. जल्मभर दिल्या. पोटच्या पोरीला पायरीवर बसवून गेली म्हून. येवढ्या मोठ्या समुद्राचा इलाज चालंना, तिचा काय चालला आसंल." मी पाणी मागितलं.

निघताना तिनंच लेकाचा प्रश्न सोडवला. "मल्लू, घाबरू नगंस. पोरीचं लगीन हुस्तवर म्या रामेश्वराचीच. ही गोष्ट ह्या सोप्याच्या भाईर जायाची न्हाय." मल्लाप्पा जीपपर्यंत आले, माझा हात धरला, पण रागानं की कशानं ते मला कळलं नाही.

त्यांच्या विहिरीला पाणी लागलं, तेही मांजऱ्या खडकात, माझ्या खुणेवर. नारळाचा यात काही संबंध नव्हता हे नमूद करतो. त्या हिवाळ्यात पोरीच्या लग्नाचं आमंत्रण आलं आणि मी गफूरभाईंना घेऊन माकणीला गेलो.

आमच्याकडं लग्नात आहेराचा एक सोहळा असतो. गावातला खड्या आवाजाचा एक माणूस मांडवाच्या मधे उभा राहतो आणि येईल तो आहेर हातात उंच धरून ओरडतो, अमक्या गावच्या अमक्याकडून, तमकीला, माहेरचा आहेर. घरातल्या प्रत्येक सुनेचं माहेर त्या वेळी सगळ्यांच्या देखत मोजलं जातं. ज्या बाईला आहेर येत नाही तिनं त्या वेळी काहीतरी काम काढून आत जायचं असतं. तुळजव्वा सबंध जन्म आत जात आलेली होती. दिराच्या लग्नात, नणंदेच्या, मल्लाप्पांच्या. आजही आहेर सुरू झाल्यावर ती उठून आत निघाली होती.

"अव्वा, बस तितं," मल्लाप्पा म्हणाले.

त्यांनी आपल्या बैठकीखालून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून ओरडणाऱ्याच्या हातात दिलं. त्यानं कागद सोडला. आत गडद निळी साडी होती, त्यावर बारीक ठिपक्याठिपक्यांची बांधणी. असलं कापड माकणीत कुणी पाहिलं नसावं. मी कच्छात पाहिलं होतं. मल्लाप्पा लग्नाचा बस्ता बांधायला सोलापूरला गेले होते, तिथं एखाद्या दुकानात त्यांनी हे शोधून काढलं असणार.

अजून अक्षता पडायच्या होत्या. उमरग्याची सगळी मंडळी समोर बसलेली.

"तुळजव्वाला माहेरचा आहेर!" माणूस ओरडला आणि थांबला. "कुठनं म्हणायचं, मालक? रामेश्वर?"

मल्लाप्पा उभे राहिले. घाम फुटलेला होता. तरी आवाज खणखणीत निघाला, अगदी आईसारखा. "न्हाय. कच्छ."

मांडवात कुजबुज सुरू झाली. पोरीचे होणारे सासरे, पांढऱ्या मिशांचे एक म्हातारे गृहस्थ, पुढं वाकून म्हणाले, "कच्छ? आमी रामेश्वर ऐकलं होतं."

"चुकीचं ठावं होतं आमाला. आता खरं कळलंय. तितं तिचं कोन हाय, कोन न्हाय, आमाला ठावं न्हाय. पर माहेर तितलं हाय."

म्हाताऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. एकदा तुळजव्वाकडं बघितलं, एकदा साडीकडं. मग म्हणाले, "लई लांब हाय की वो. येवढ्या लांबून आहेर आला म्हंजी माणसं मोठीच म्हणायची."

मल्लाप्पांनी साडी आईच्या मांडीवर ठेवली. तिला नीट दिसत नव्हतं. तिनं ती उलगडली, वीत लावून काठ मोजत मोजत शेवटपर्यंत गेली आणि थांबली. तिला नऊवारीची सवय, आणि ही पाचवारी.

"मोठी कसली वो!" ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "साठ वर्सांनी आहेर धाडला, त्यो बी पाचवारी! माझ्या माहेरची माणसं लईच चिंगूस निघाली गं बाई!"

सगळा मांडव हसला, व्याही सगळ्यांत मोठ्यानं हसले. तुळजव्वानं ती साडी लुगड्यावरूनच अंगाभोवती लपेटून घेतली, तोंड तिच्यात खुपसलं, आणि मग अक्षतांची वेळ टळत आली तरी कुणी तिला उठवलं नाही.